व्हाउचर आहे, पण तिकीट निघत नाही: आधी हातातला कागद ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एअरलाइनने उड्डाण रद्द केलं आणि पैसे परत देण्याऐवजी व्हाउचर पाठवलं. आता ते वापरून नवीन तिकीट काढायला गेलं की साइट म्हणते, ‘हा क्रमांक वैध नाही’. कॉल सेंटरला तीनदा फोन झाला आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. ई-मेलला छापील उत्तर येतं. मुदत संपायला सहा आठवडे उरलेत. पैसे बुडाले असं समजायचं का?

नाही, अजून तरी बुडालेले नाहीत. मी गेली २२ वर्षं तिकिटिंग आणि रिफंडच्या कामात आहे. सुरुवातीची काही वर्षं एअरलाइनच्या काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, नंतर एजंट म्हणून बाहेरच्या बाजूला आलो. दोन्हीकडून बघितल्यावर एवढं नक्की सांगू शकतो की व्हाउचरवरची बहुतेक भांडणं एकाच गैरसमजातून सुरू होतात. प्रवासी व्हाउचरला पैसे समजतो. एअरलाइनच्या सिस्टीमच्या लेखी ते पैसे नसतातच. ते एका जुन्या तिकिटाचं उरलेलं अंग असतं. त्याला स्वतःचा क्रमांक असतो, नाव असतं, जन्मतारीख असते, आणि जुन्या तिकिटाच्या अटी त्याच्या मानगुटीवर बसलेल्या असतात. नोट कुणाच्याही हातात चालते, हा कागद तसा चालत नाही.

म्हणून लगेच चौथा फोन लावू नका. आधी तो ई-मेल उघडा आणि हातात नेमकं काय आलंय ते ओळखा. ‘व्हाउचर’ या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या वस्तू फिरत असतात, आणि प्रत्येकीचं दार वेगळं असतं.

सगळ्यात जास्त आढळणारी वस्तू म्हणजे न वापरलेल्या तिकिटाचं क्रेडिट. इथे वेगळं व्हाउचर जन्मालाच आलेलं नसतं. तुमचं जुनं ई-तिकीट सिस्टीममध्ये तसंच पडून असतं आणि त्याची किंमत पुढच्या तिकिटात वळवायची असते. त्याची ओळख म्हणजे १३ अंकी तिकीट क्रमांक, त्यातले पहिले तीन अंक एअरलाइनचे. हा क्रमांक व्हाउचरच्या रकान्यात टाकला तर साइट नाकारणारच, कारण त्यासाठी बहुधा वेगळं पान असतं, नाहीतर ‘माझं बुकिंग’ या भागात जाऊन जुनं तिकीट बदलून घ्यावं लागतं. आमच्या भाषेत याला रीइश्यू म्हणतात.

दुसरी वस्तू ईएमडी. आसन, सामान, भरपाई, उरलेली रक्कम अशा तिकीट नसलेल्या व्यवहारांसाठीचा हा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज. पूर्वी याच कामाला कागदी एमसीओ असायचा. ईएमडीचा क्रमांकही १३ अंकी असतो आणि सुरुवातीचे तीन अंकही तेच, म्हणून लोक तो तिकीट क्रमांक समजतात. कधीकधी कॉल सेंटरवालेही समजतात, आणि मग ‘असं तिकीट आमच्याकडे नाही’ असं ठणकावून सांगतात.

तिसरी वस्तू क्रेडिट शेल. स्वस्त भाड्याच्या बऱ्याच एअरलाइन तिकीट क्रमांकच काढत नाहीत, त्यांचा सगळा कारभार सहा अक्षरी पीएनआरवर चालतो. उड्डाण रद्द झालं की पैसे त्या पीएनआरच्या पोटात जमा राहतात, म्हणून ते ‘शेल’. तिथे जुना पीएनआर आणि बुकिंग करताना दिलेला ई-मेल किंवा आडनाव हीच किल्ली. आणि चौथी वस्तू म्हणजे प्रमोशनचा कोड किंवा गिफ्ट कार्ड. त्याचा रिफंडशी काही संबंध नसतो, पण दिसायला अगदी तसंच असतं.

तीन फोनना तीन उत्तरं का मिळाली याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. तुम्ही ‘व्हाउचर’ म्हणालात आणि समोरच्या तिघांनी तीन वेगळ्या वस्तू गृहीत धरल्या. पुढच्या फोनवर व्हाउचर हा शब्दच वापरू नका. ‘माझ्याकडे न वापरलेलं ई-तिकीट आहे, क्रमांक अमुक, कूपनचं स्टेटस काय दिसतंय ते वाचून दाखवा’ असं म्हणा. समोरचा माणूस सरळ बसतो, हा माझा अनुभव आहे.

कूपन स्टेटस म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. ई-तिकिटात प्रत्येक उड्डाणासाठी एक कूपन असतं आणि प्रत्येक कूपनवर एक शेरा असतो. ओपन म्हणजे वापरायचं बाकी. फ्लोन किंवा युज्ड म्हणजे प्रवास झाला. एक्स्चेंज्ड म्हणजे त्याचं दुसऱ्या तिकिटात रूपांतर झालं. रिफंडेड म्हणजे पैसे परत गेले. व्हॉइड म्हणजे रद्दबातल. कूपन ओपन असेल तर तुमचं मूल्य जिवंत आहे, मग साइट काहीही म्हणो. कूपन एक्स्चेंज्ड दिसत असेल आणि तुमच्याकडे नवीन तिकीट नसेल, तर कशात एक्स्चेंज झालं त्याचा क्रमांक विचारा. तो क्रमांक म्हणजेच तुमचं खरं व्हाउचर, आणि ते कधीकधी ई-मेलच्या स्पॅममध्ये पडून असतं.

एक प्रकरण जवळून पाहिलेलं. एका बाईंचं क्रेडिट साइटवर सापडेचना. आडनाव टाकलं, क्रमांक टाकला, ‘नोंद आढळली नाही’. त्यांनी आठ-दहा वेळा प्रयत्न केला आणि मग साइटने त्यांना २४ तास अडवूनच ठेवलं. आम्ही तिकिटाची नोंद उघडली तर कूपन ओपन, रक्कम पूर्ण, सगळं जागच्या जागी. पण तिकिटावर आडनाव लग्नाआधीचं होतं. मधल्या काळात पासपोर्ट बदलला, एअरलाइनच्या खात्यातलं नावही बदललं. साइट खात्यातलं नवीन आडनाव आपोआप भरायची आणि तिकिटावरच्या जुन्या आडनावाशी ताडून बघायची. खात्यातून लॉग आउट होऊन, पाहुण्यासारखं जुन्या आडनावाने शिरल्यावर क्रेडिट लगेच समोर आलं. पण खरी पंचाईत पुढेच होती. नवीन तिकीट जुन्या आडनावाने निघालं असतं आणि त्या नावाचा पासपोर्ट आता नव्हता. मग विवाहाचा दाखला आणि दोन्ही पासपोर्टची पानं तिकिटिंग डेस्कला पाठवून नाव दुरुस्त करून घ्यावं लागलं. अकरा दिवस गेले. त्या मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात आल्या असत्या तर आमच्याही हातात काही राहिलं नसतं.

‘अवैध क्रमांक’ याची बाकीची कारणं त्यामानाने किरकोळ, पण डोकं उठवणारी. पीडीएफमधून क्रमांक कॉपी केला की शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते. पहिल्या तीन अंकांनंतर आडवी रेघ असते, ती काही साइटना चालते, काहींना नाही. कोडमधला ओ आणि शून्य. एअरलाइनच्या दुसऱ्या देशाच्या साइटवर गेलात तर तिथे वेगळं चलन असतं, आणि व्हाउचर ज्या चलनात निघालं त्याच चलनाच्या विक्रीत ते चालतं. फोनच्या ॲपमध्ये तर पुष्कळदा व्हाउचरचा रकानाच नसतो. कोड-शेअरचं उड्डाण निवडलं, म्हणजे तिकीट या कंपनीचं आणि विमान दुसरीचं, तरी बऱ्याच ठिकाणी व्हाउचर चालत नाही. हे सगळं १५ मिनिटांत तपासून होतं. तपासताना पानाचे स्क्रीनशॉट घेत चला, तारीख-वेळ दिसेल असे.

जुना पीएनआर सापडत नाही हीही नेहमीची रड. त्याचं कारण साधं आहे. शेवटच्या उड्डाणाची तारीख उलटली की काही दिवसांत पीएनआर चालू सिस्टीममधून हलवला जातो. बुकिंग गेलं म्हणजे पैसे गेले असं नाही, तिकिटाची नोंद वेगळ्या ठिकाणी असते आणि ती जास्त काळ टिकते. म्हणून पीएनआरपेक्षा तिकीट क्रमांक जपा. मात्र उड्डाण एअरलाइनने रद्द केलेलं नसेल आणि तुम्हीही सुटण्याआधी रद्द केलं नसेल, तर ते नो-शो धरलं जातं. मग बऱ्याच भाड्यांत फक्त काही करच परत मिळतात, कधी तेही नाहीत. जायचं नाही हे ठरलं असेल तर व्हाउचरचं पुढे काय करायचं ते नंतर बघा, आधी विमान सुटण्यापूर्वी बुकिंग रद्द करा.

आता अशी अडचण जिथे प्रवाशाची काही चूक नसते. व्हाउचर टाकलं, ते स्वीकारलं गेलं, वरचा फरक कार्डाने भरताना ओटीपी चुकला किंवा पान लटकलं. तिकीट निघालं नाही. पुन्हा प्रयत्न केला तर व्हाउचर ‘वापरलेलं’ दाखवतं. इथे लोक घाबरून दुसऱ्या ब्राउझरमधून, दुसऱ्या कार्डाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात आणि गुंता वाढवतात. होतं असं की व्हाउचर एका सिस्टीममध्ये अडकवून ठेवलं जातं आणि पैसे भरणं दुसऱ्या सिस्टीममध्ये फसतं. पहिलीला दुसरी फसल्याचं वेळेत कळत नाही. थोड्या वेळाने ते आपोआप सुटतं, नाहीतर हाताने सोडवावं लागतं. एक दिवस थांबा. तरी सुटलं नाही तर फोनवर सांगा, ‘व्यवहार अपुरा राहिलाय, तिकीट निघालेलं नाही, व्हाउचरचं स्टेटस पुन्हा ओपन करून द्या’. ही विनंती तिकिटिंग किंवा वेब सपोर्टकडे जाते. साध्या आरक्षण कक्षातल्या माणसाला तो अधिकार नसतो, त्याच्यावर ओरडून उपयोग नाही.

तारखांकडे येतो, कारण सहा आठवडे हा तुमचा मुख्य प्रश्न आहे. ‘वैध अमुक तारखेपर्यंत’ या शब्दांना तीन अर्थ असू शकतात. त्या तारखेपर्यंत नवीन तिकीट काढायचं, प्रवास नंतर कधीही चालेल. किंवा त्या तारखेपर्यंत प्रवास सुरू करायचा. किंवा त्या तारखेपर्यंत परतीसह सगळा प्रवास संपवायचा. अटींच्या पानात ‘बुकिंग’ शब्द आहे की ‘प्रवास’ हे शोधा, आणि सापडलं नाही तर लेखी विचारा. अर्थ पहिला असेल तर सहा आठवडे भरपूर आहेत. तिसरा असेल तर तुमच्या हातात सहा आठवड्यांच्या आतली, उरलेल्या महाग जागांची उड्डाणंच आहेत.

यात एक सापळा आहे आणि त्यात जुने प्रवासीही अडकतात. क्रेडिटची मुदत पुष्कळदा मूळ तिकीट काढल्याच्या दिवसापासून मोजतात, व्हाउचर आल्याच्या दिवसापासून नाही. तिकीट प्रवासाच्या नऊ महिने आधी काढलं असेल आणि मुदत एक वर्ष असेल, तर क्रेडिट जन्मालाच तीन महिन्यांचं आयुष्य घेऊन येतं. त्याच्या पुढची गंमत अशी की त्या क्रेडिटवर काढलेलं नवीन तिकीट पुन्हा रद्द केलं तर नवीन वर्ष सुरू होत नाही, बहुतेक कंपन्यांत जुनीच तारीख मागे लागते. ‘सध्या काहीतरी बुक करून ठेवू, नंतर बघू’ ही युक्ती म्हणूनच दर वेळी चालत नाही. चालते का ते आधी विचारा, कारण काही ठिकाणी चालते आणि मग तीच तुमची सगळ्यात स्वस्त मुदतवाढ ठरते.

मुदतीच्या अटी दगडावरची रेघ नसतात हेही लक्षात ठेवा, आणि त्या दोन्ही दिशांना हलतात. अमेरिकेच्या साउथवेस्ट एअरलाइनने २०२२ च्या जुलैमध्ये आपल्या फ्लाइट क्रेडिटला मुदतच नाही असं जाहीर केलं होतं. २०२५ च्या २८ मेपासून काढलेल्या तिकिटांवर त्यांनी पुन्हा मुदत आणली, साध्या भाड्यांना एक वर्ष आणि सगळ्यात खालच्या भाड्याला सहा महिने. ऑस्ट्रेलियाच्या क्वान्टास एअरलाइनने उलट केलं. कोविडकाळातली क्रेडिट २०२३ च्या अखेरीस संपणार होती, पण ऑस्ट्रेलियात संसदीय समितीपुढे आणि जनतेत इतका गदारोळ झाला की ऑगस्ट २०२३ मध्ये ती मुदत काढून टाकावी लागली. एकट्या प्रवाशाच्या फोनने धोरण बदलत नाही, पण एका व्हाउचरची मुदत महिना-दोन महिने वाढवून देणं हे सुपरवायझरच्या हातातलं काम असतं. ते मुदत संपण्याआधी मागितलं तर मिळण्याची आशा असते. संपल्यावर मागितलं तर सिस्टीममध्ये व्हाउचर नव्याने काढावं लागतं आणि त्याला कुणी सहजासहजी सही करत नाही.

रकमेबद्दल दोन-तीनच गोष्टी. काही व्हाउचर फक्त मूळ भाड्याला लागतात, करांना नाहीत. काही सामान आणि आसनाला लागत नाहीत. उरलेली रक्कम काही कंपन्या नव्या व्हाउचरमध्ये देतात, काही गिळतात. गिळणारी कंपनी असेल तर व्हाउचरपेक्षा किंचित महाग तिकीट निवडा आणि फरक कार्डाने भरा. कार्डाने थोडी तरी रक्कम भरलेली असली की पुढे वाद झाला तर बँकेकडे जायला निदान तेवढ्यापुरती वाट उरते.

कुटुंबाचं क्रेडिट असेल तर प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ज्याचं त्यालाच चालतं, हे लोकांना पटतच नाही. चौघांच्या चार क्रेडिटवर एकच बुकिंग साइटवरून बहुधा होत नाही. चार वेगळी बुकिंग करावी लागतात, आणि मग कंपनीला फोन करून ती एकमेकांना जोडायला सांगायची. आमच्याकडे त्याला टीसीपी टाकणं म्हणतात, म्हणजे ही मंडळी एकत्र आहेत असा शेरा. तो नसेल आणि पुन्हा उड्डाण बदललं तर दोघं सकाळच्या विमानात आणि दोघं संध्याकाळच्या, असं होऊ शकतं. आणि तान्ह्या बाळाचं तिकीट विसरू नका. मांडीवरच्या बाळाचं भाडं अगदी थोडं असतं. मधल्या काळात बाळ दोन वर्षांचं झालं की त्याला स्वतःचं आसन लागतं आणि ते जुनं क्रेडिट भाड्याच्या एका कोपऱ्यालाही पुरत नाही. हे फसवणूक म्हणून भांडायला येणारे आई-बाप मी पाहिलेत. त्यात एअरलाइनचा दोष नाही.

तिकीट एजंटकडून किंवा एखाद्या बुकिंग पोर्टलवरून काढलं असेल तर वेगळीच टोलवाटोलवी सुरू होते. एअरलाइन म्हणते एजंटला विचारा, एजंट म्हणतो एअरलाइनने अडवलंय. दोघंही थोडं थोडं खरं बोलत असतात. एजंटने काढलेल्या तिकिटाचा हिशेब आयाटा या एअरलाइनच्या जागतिक संघटनेच्या बीएसपी या व्यवस्थेतून होतो, पैसे एजंटकडून एअरलाइनकडे जातात आणि परतही त्याच वाटेने येतात. तिकिटावर एजंटचा क्रमांक असतो, म्हणून एअरलाइनचं कॉल सेंटर त्याला हात लावायला नाखूश असतं. इथे पहिला प्रश्न एकच: क्रेडिट कुणाकडे पडलंय? एअरलाइनकडे तिकीट ओपन आहे का, की रिफंड होऊन रक्कम पोर्टलच्या वॉलेटमध्ये गेलीय? वॉलेटमध्ये गेली असेल तर एअरलाइनशी भांडून जन्म जाईल. आणि हो, आमच्या व्यवसायातले काही लोक रिफंड आल्यावरही ‘अजून आला नाही’ सांगतात. त्यावर उपाय म्हणजे एअरलाइनकडून रिफंडची तारीख लेखी घ्यायची आणि ती एजंटपुढे ठेवायची.

फोन करण्याआधी मी काय तयारी करायला लावतो ते सांगतो. हवं ते उड्डाण, तारीख आणि साइटवर त्या क्षणी दिसणारं भाडं लिहून ठेवा. कॉल सेंटरला जागा शोधायला लावलीत तर वीस मिनिटं त्यातच जातात आणि भाडं तोवर वर सरकतं. ‘साइट व्हाउचर घेत नाही, म्हणून मी हे तिकीट फोनवर काढतोय, फोन बुकिंगचा आकार लावू नका’ हे सुरुवातीलाच बोला. बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपा. फोन ठेवण्याआधी ‘हे सगळं पीएनआरच्या रिमार्कमध्ये लिहा’ अशी विनंती करा, म्हणजे पुढचा माणूस शून्यापासून सुरू करणार नाही. उत्तर विचित्र वाटलं तर वाद घालू नका, आभार माना, फोन ठेवा आणि पुन्हा लावा. दुसरा माणूस अनेकदा तेच काम पाच मिनिटांत करतो. यात न्याय नाही, पण चालतं असंच.

लेखी पुरावा का म्हणतो त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाविरुद्ध निकाल दिला. चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीची माहिती दिली होती आणि त्याच्याकडे त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट होता. चॅटबॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही, हे कंपनीचं म्हणणं टिकलं नाही. स्क्रीनशॉट नसता तर त्या प्रवाशाचं ऐकून कुणी घेतलं असतं?

हे सगळं मुद्दाम अवघड केलंय का, असं लोक विचारतात. माझं उत्तर ‘अर्धं हो’ असं आहे. आरक्षण, तिकीट, व्हाउचर आणि पैसे भरणं या वेगवेगळ्या काळात बांधलेल्या सिस्टीम आहेत आणि त्यांची सांधेजोड कच्ची आहे, हे खरंच आहे. पण ती जोड पक्की करायची घाई कुणाला नाही, हेही तितकंच खरं. न वापरलेलं व्हाउचर एअरलाइनच्या पुस्तकात देणं म्हणून बसतं. ते मुदतीत वापरलं गेलं नाही की देणं मिटतं आणि रक्कम उत्पन्नात जाते. लेखापालनात याला ब्रेकेज म्हणतात, आणि किती ग्राहक हक्क वापरणारच नाहीत याचा रास्त अंदाज करून ते उत्पन्न हळूहळू दाखवायलाही आयएफआरएस १५ हे मानक परवानगी देतं. थोडक्यात, तुम्ही कंपनीला बिनव्याजी कर्ज दिलेलं असतं आणि ते तुम्ही विसरलात तर कंपनीचा फायदा असतो. रिफंडचं बटण शोधावं लागतं आणि व्हाउचरचं मोठं, रंगीत असतं, ते यामुळे.

म्हणून एक उलटा प्रश्नही विचारतो: तुम्ही व्हाउचर घ्यायलाच हवं होतं का? उड्डाण एअरलाइनने रद्द केलं असेल तर बऱ्याच देशांत पैसे परत मिळणं हा हक्क आहे आणि व्हाउचर हा पर्याय. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात भाड्याचा परतावा सात दिवसांत द्यायचा असतो, आणि व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सही असलेली संमती लागते. भारतात डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचा नियम सांगतो की रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, एअरलाइनने ते परस्पर करायचं नाही. अमेरिकेत २०२४ च्या नियमानुसार उड्डाण रद्द झालं किंवा मोठा बदल झाला, म्हणजे देशांतर्गत तीन तास आणि आंतरराष्ट्रीय सहा तासांचा, आणि प्रवाशाने पर्याय नाकारला, तर परतावा आपोआप द्यायचा आहे: कार्डाने भरलेले पैसे कामाच्या सात दिवसांत, इतर मार्गाने भरलेले २० दिवसांत. हे नियम कागदावरच राहतात असंही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने सहा एअरलाइनवर कारवाई केली, त्यात एअर इंडियाला १२.१५ कोटी डॉलर परतावा आणि १४ लाख डॉलर दंड भरावा लागला.

कोविडचा काळ अपवाद होता. तेव्हा युरोपीय आयोगाने मे २०२० मध्ये शिफारस केली होती की व्हाउचर निदान १२ महिने चालावं आणि वापरलं नाही तर मुदत संपल्यावर जास्तीत जास्त १४ दिवसांत पैसे आपोआप परत जावेत. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात क्रेडिट शेलला ३१ मार्च २०२१ ची मर्यादा घातली, ते कोणत्याही मार्गावर वापरायला आणि दुसऱ्याच्या नावे करायला मुभा दिली, आणि न वापरल्यास दरमहा वाढीव रक्कम जोडायला सांगितली: जून २०२० अखेरपर्यंत ०.५ टक्के, पुढे ०.७५ टक्के. व्हाउचर हे ग्राहकाचं कर्ज आहे हे त्या निकालाने जवळजवळ आकड्यात मांडलं. आजच्या व्हाउचरला ती सवलत लागू नाही, पण तक्रार लिहिताना विचाराची दिशा म्हणून उपयोगी आहे.

तुम्ही ऑनलाइन ‘व्हाउचर हवं’ वर टिचकी मारली असेल तर संमती दिली असं धरतात का? युरोपीय न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी टॅप एअर पोर्तुगालच्या प्रकरणात म्हटलं की ऑनलाइन फॉर्म भरणं हीसुद्धा सही असलेली संमती ठरू शकते, मात्र प्रवाशाला पैशाचा पर्याय स्पष्ट आणि पुरेसा सांगितलेला असला पाहिजे. म्हणजे तुमच्या ई-मेलमध्ये रिफंडचा उल्लेखच नसेल आणि थेट व्हाउचरच आलं असेल, तर ‘मी संमती दिलेली नाही, पैसे परत द्या’ हे लेखी मागायला अजून जागा आहे. कुठला नियम लागतो ते उड्डाण कुठून सुटणार होतं आणि कंपनी कुठली यावर ठरतं. पण एक पथ्य पाळा. पैसे मागत असाल तर तो वाद मिटेपर्यंत व्हाउचरचा तुकडाही वापरू नका, वापरलं की संमती दिल्यासारखं होतं.

कार्ड कंपनीकडे चार्जबॅक मागायची, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत घ्यायची वाटही अशीच नाजूक आहे. तिची मुदत साधारण १२० दिवसांच्या आसपास असते, ती कधीपासून मोजायची ते बँकेला विचारा. व्हाउचर स्वीकारल्याचा पुरावा एअरलाइनने दाखवला की दावा बहुधा पडतो. आणि कंपनीच बुडाली तर व्हाउचरवाला धनकोंच्या रांगेत अगदी शेवटी उभा राहतो. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, फ्लायबी मार्च २०२० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२३ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. कंपनीची तब्येत बरी नाही अशा बातम्या येत असतील तर चांगल्या भाड्याची वाट बघत बसू नका, मिळेल त्या उड्डाणाला व्हाउचर संपवा.

तुमच्या सहा आठवड्यांचा हिशेब मी असा करीन. आज संध्याकाळी ई-मेल उघडून वस्तू ओळखा, क्रमांक आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. उद्या संगणकावरून, लॉग आउट करून, योग्य देशाच्या साइटवर एकदाच शांतपणे प्रयत्न करा. नाही झालं तर कूपन स्टेटस विचारणारा फोन. त्याच दिवशी लेखी तक्रार, आणि त्यात दोनच मागण्या: हे व्हाउचर वापरून अमुक उड्डाणाचं तिकीट काढून द्या, नाहीतर मुदत वाढवून द्या. उड्डाण त्यांनीच रद्द केलेलं असल्यामुळे पैसे परत मागायचे असतील तर ती मागणी वेगळ्या पत्रात आणि याच्याऐवजी करा, दोन्ही एकत्र नको. दोन आठवड्यांत धड उत्तर आलं नाही तर त्या देशाच्या विमान वाहतूक नियामकाकडे किंवा ग्राहक मंचाकडे तक्रार टाका आणि तिचा क्रमांक एअरलाइनला कळवा. तो क्रमांक गेल्यावर फाइल वेगळ्या टेबलावर जाते, हे मी आतल्या बाजूला बसलेलो असताना बघितलंय.

आणि तिकीट निघालं की लगेच हुश्श करू नका. बुकिंग ‘कन्फर्म’ दिसतं, पीएनआर येतो, पण व्हाउचरच्या व्यवहारात कधीकधी तिकीट इश्यू होण्याआधीच गाडी अडते आणि दोन दिवसांनी बुकिंग गुपचूप रद्द होतं. ई-मेलमध्ये नवा १३ अंकी क्रमांक आहे का बघा. कंपनी पीएनआरवर चालणारी असेल तर ‘बाकी रक्कम शून्य’ असं दिसतंय का ते बघा. तो क्रमांक नसेल तर त्याच दिवशी फोन लावा.